बापाचे वैर न चालवणारा नायक

आमच्या गावच्या एस.टी. स्टँडसमोर पानाची एक टपरी होती. टपरीला आडवी दोरी बांधलेली असे आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत तशी इंद्रजाल कॉमिक्स लटकलेली असत. विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. बाकीच्यांनी दहा पैसे द्यायचे, टपरीमागच्या फळीवर बसायचे आणि वाचून अंक परत करायचा. पान दुमडले तर टपरीवाले चाचा कान पिळत. १९७७-७८ चा तो काळ. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे सारे मला त्या फळीवर भेटले. बहादूरही तिथेच भेटला.

आज वेताळाचे नाव काढले की पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे डोळे चमकतात. त्यांच्या मागून आलेल्यांना नागराज आणि चाचा चौधरी ठाऊक असतात. आजच्या मुलांना स्पायडरमॅन आणि आयर्नमॅन. बहादूर म्हटले की मात्र समोरचा माणूस विचारतो, "कोण बहादूर?" भारतीय कॉमिक्सच्या नायकांत इतका लोकप्रिय होऊन इतका विसरला गेलेला दुसरा नायक माझ्या पाहण्यात नाही. त्याची आठवण करून द्यावी आणि ती आपण का ठेवावी हेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

इंद्रजाल कॉमिक्सची सुरुवात मार्च १९६४ मध्ये झाली. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीचे हे प्रकाशन. पुढे ज्यांनी 'अमर चित्र कथा' उभी केली, ते अनंत पै त्या वेळी टाइम्समध्येच होते. सुरुवातीचे ३२ अंक एकट्या वेताळाचे निघाले. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी परदेशी मंडळी आली. इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघत. कथा अमेरिकेतून तयार येत. आपल्याकडे त्यांचे भाषांतर होई आणि मुखपृष्ठ नवे काढले जाई. त्या मुखपृष्ठांवर बी. गोविंद अशी सही असे. हे गोविंद ब्राह्मणिया. बहादूरचा चेहरा पुढे त्यांच्याच हातून कागदावर उतरला.

भाषांतर करताना काही बदलही करावे लागत. ली फॉक यांनी १९३६ मध्ये जन्माला घातलेला वेताळ मूळ कथेत 'बंगाला' नावाच्या देशात राहतो. भारतीय वाचकाला ते बंगाल वाटू नये म्हणून इंद्रजालने त्याचे 'डेंकाली' केले. वेताळाच्या पिढीजात शत्रूंची, समुद्री चाच्यांची, टोळी मूळ कथेत 'सिंग' या नावाची होती. आपल्याकडे ती 'सिंगा' झाली. वेताळाच्या बापाला दगा देऊन मारणाऱ्याचे नाव 'रामा' होते, त्याचे 'रामालू' झाले. खलनायकाला आपल्या माणसाचे नाव असले की वाचकाच्या मनाला ते कुठे लागते, हे संपादकांना नीट कळत होते. ही समज नंतरच्या आपल्या सिनेमांनी आणि मालिकांनी सगळ्यांच्याच नावांबाबत दाखवली असती तर बरे झाले असते. असो.

वेताळाच्या कथेचा पाया आठवून पाहा. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून एक तरुण वाचला आणि किनाऱ्याला लागला. त्याने आपल्या बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेतली आणि चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ वाहिली. आपली मुले आणि त्यांची मुले हेच काम पुढे चालवतील, असेही तो बोलला. आपण वाचतो तो वेताळ एकविसावा. प्रत्येक वेताळाने त्याच कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतलेली. शपथ अन्यायाविरुद्धची आहे, हे खरे. पण हात मारेकऱ्याच्या कवटीवर आहे आणि बापाकडून मुलाकडे जे जाते ते वैर आहे. लहानपणी यात काही वावगे वाटले नाही. बापाचा सूड पोराने घ्यायचा, हे हिंदी सिनेमानेही आम्हाला पढवलेलेच होते.

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आपला पहिला अस्सल भारतीय नायक आणला. पहिल्या गोष्टीच्या इंग्रजी नावात लाल विटांचे एक घर होते. नायक बहादूर. अंगात भगवा कुर्ता, खाली निळी जीन. चेहऱ्यावर मुखवटा नाही, बोटात कवटीची अंगठी नाही, हवेत उडता येत नाही. जयगढ नावाच्या काल्पनिक गावात तो राहतो आणि भोवतालचा मुलूख चंबळच्या खोऱ्यासारखा, डाकूंनी गांजलेला. बहादूरचा बाप स्वतः डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला. गोळी झाडणारा पोलीस अधिकारी विशाल. बापाच्या मरणाचा बदला घ्यायचा, ही आग पोराच्या मनात आहे. इथपर्यंत गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पण पुढे तो बदला घेत नाही. बाप काय करत होता हे त्याला उमगते, विशालशी त्याचे नाते जुळते, आणि डाकूचा हा पोर डाकूंपासून गाव वाचवण्याच्या कामाला लागतो.

वेताळ बापाचे वैर एकवीस पिढ्या चालवतो आणि बहादूर ते पहिल्याच पिढीत खाली ठेवतो. माझ्या मते आपल्या कॉमिक्सच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मला ती तेव्हाच का भिडली, हे सांगायला थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल. शाळेत इतिहासाच्या तासाला अफजलखानाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या माना माझ्याकडे वळत. वर्गात मुसलमान मी एकटाच. शिक्षक वाईट नव्हते. पण तेही वाचता वाचता क्षणभर थांबत आणि माझ्याकडे बघत. मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणे, "तुमच्या खानाचं काय झालं बघ!" माझा तो खान कधी झाला, हे मला कळत नसे. घरी येऊन अब्बांना विचारले, तर ते शिलाई मशीन थांबवून म्हणाले, "बेटा, आपण चार पिढ्या शिंपी. आपला कोण खान?" पुढे कॉलेजात वाचन वाढले आणि मी उत्तरे पाठ केली. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान, दर्यासारंग, फौजेतला सिद्दी हिलाल, पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर. कुणी टोमणा मारला की मी ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवत असे. आपल्यापैकी अनेकांनी ती म्हणून दाखवली असेल. ही नावे खरी आहेत आणि इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे; ती सांगितलीच पाहिजेत. पण पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, यादी म्हणताना मी समोरच्याचे मूळ म्हणणे कबूल करत होतो. तीन-चारशे वर्षांपूर्वी कोण कुणाच्या बाजूने लढला यावर माझी आजची पत ठरते, हे मीच मान्य करत होतो. फक्त माझ्या बाजूचे साक्षीदार हजर करत होतो.

बहादूरने असे काही केले नाही. आपला बाप मुळात चांगला होता, असा दावा त्याने केला नाही. बापाच्या टोळीत दोन भली माणसेही होती, अशी यादी दाखवली नाही. बाप डाकू होता, ही गोष्ट त्याने झाकली नाही आणि डोक्यावरही घेतली नाही. आपण काय करायचे ते आपण ठरवायचे, एवढे त्याने ठरवले. सातवीतल्या मुलाला हे शब्दांत सांगता आले नसते. पण टपरीमागच्या फळीवर बसून ती गोष्ट वाचताना छाती हलकी झाली होती, हे आजही आठवते.

बहादूरचे जनक आबिद सुरती. १९३५ साली गुजरातेत जन्मलेला हा लेखक मुंबईत, डोंगरीच्या वस्तीत वाढला. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला उतरलेले गोरे सैनिक आगगाडीने जात. गाडीमागे पोरे धावत आणि सैनिक खाण्याच्या वस्तू खाली टाकत. अशाच एका गाडीतून कुणी तरी कॉमिक भिरकावले. पोरांच्या झटापटीत ते फाटले आणि आबिदच्या हाती एकच पान आले. पानावर मिकी माऊस होता. ते पान गिरवता गिरवता आपण चित्रकार झालो, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. पुढे ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. गुजराती आणि हिंदीत कादंबऱ्या, कथा, नाटके लिहिली. धर्मवीर भारतींच्या 'धर्मयुग'मधला त्यांचा 'ढब्बूजी' तर हिंदी घराघरांत पोहोचला.

आपल्यातले काही मित्र इथे विचारतात, "सुरतींना मुस्लिम नायक का नाही करता आला?" प्रश्न अगदीच गैर नाही. १९४४ साली अमेरिकेत 'बॉम्बर कॉमिक्स' नावाच्या मासिकात 'किस्मत' नावाचा नायक आला होता. तो अल्जीरियाचा मुसलमान. डोक्यावर फेज टोपी, पाठीवर झूल, आणि लढाई नाझींशी. इंग्रजी कॉमिक्समधला पहिला मुस्लिम सुपरहिरो म्हणून त्याचे नाव घेतले जाते. चार अंकांत त्याची कारकीर्द आटोपली आणि पुढची सत्तर वर्षे त्याचे नाव जवळजवळ कुणी काढले नाही. तेही उपेक्षेचेच उदाहरण. मग २०१४ मध्ये मार्व्हलने न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी घरातल्या कमला खान या मुलीच्या हाती 'मिस मार्व्हल'चे नाव दिले आणि तिला जगभर वाचक मिळाले. आपल्या नावाचा नायक पानावर दिसावा ही मुलांची भूक खरी आहे. ती मीही अनुभवली आहे. पण सुरतींनी निवडलेली वाट वेगळी होती. त्यांनी नायकाला 'बहादूर' हे नाव दिले. शब्द मूळचा तुर्की, फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि आता हिंदू, शीख, मुसलमान, नेपाळी अशा कुणाच्याही घरी सापडतो. डोंगरीच्या मुसलमान लेखकाने भगवा कुर्ता घातलेला नायक लिहिला आणि देशभरच्या पोरांनी तो आपला मानला. लेखक कोण, हे फळीवर बसलेल्या आम्हा पोरांना माहीतही नव्हते. मला ते तिशीत कळले. त्या दिवशी झालेला आनंद, खरे सांगायचे तर, अभिमानाच्या बराच जवळचा होता.

बहादूरचे दुसरे वेगळेपण त्याच्या बळात आहे. तो चपळ आहे, मारामारीत तरबेज आहे. पण त्याचे खरे बळ म्हणजे त्याने उभारलेले नागरिक सुरक्षा दल. हिंदी अंकांत त्याचे छोटे नाव 'नासुद' असे. गावातली साधी माणसे एकत्र येतात, पहारा ठेवतात, खबर पोहोचवतात, वेळ आली तर लढतात आणि पोलिसांच्या सोबतीने काम करतात. बहादूरची मैत्रीण बेला ही खांबाला बांधून ठेवलेली नायिका नाही. तीही या लढ्यात उतरते. वर्षभरापूर्वी, १५ ऑगस्ट १९७५ ला, 'शोले' आला होता. त्यात रामगढची माणसे दाराआड उभी राहून बघतात आणि ठाकूर बाहेरून दोन सराईत गुन्हेगार आणतो. जयगढमध्ये लढायला गावच उभे राहते.

काळाची पार्श्वभूमीही ध्यानात घेतली पाहिजे. चंबळचे डाकू तेव्हा रोजच्या बातमीतले होते. १९६० मध्ये विनोबांच्या पदयात्रेत काही डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. १४ एप्रिल १९७२ रोजी मुरेना भागातल्या जौरा इथे जयप्रकाश नारायणांच्या उपस्थितीत आत्मसमर्पण सुरू झाले. मोहरसिंग, माधोसिंग असे नामचीन लोक त्यात होते आणि शरण आलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. डाकूही बदलू शकतो, मग डाकूच्या मुलाला का डाकू म्हणायचे, हा विचार त्या वेळच्या हवेतच होता. बहादूर आला तेव्हा आणीबाणी चालू होती आणि खुद्द जयप्रकाशांना तुरुंगवास घडून गेला होता. अशा वेळी गावकऱ्यांनी आपण होऊन संघटना बांधण्याची गोष्ट मुलांच्या अंकात छापली जात होती, याची मला आज गंमत वाटते.

मात्र 'नागरिकांचे दल' हा शब्द दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. छत्तीसगडमध्ये २००५ साली 'सलवा जुडूम' नावाने सामान्य आदिवासी तरुणांच्या हाती शस्त्रे दिली गेली. गावे उद्ध्वस्त झाली आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. शेजाऱ्याला शत्रू मानून गल्लीगल्लीत तयार झालेले गटही आपण १९९२-९३ च्या मुंबईत पाहिले. दल कुणापासून कुणाला वाचवणार, त्यात कोण बसणार आणि कायद्याशी त्याचे नाते काय, यावर सारे अवलंबून असते.

याचे चांगले उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. यंत्रमागांच्या या गावाचे नाव घेतले की दंगल आठवावी अशी स्थिती होती. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधायला सुरुवात केली. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि ठाण्यातला शिपाई एका सतरंजीवर बसू लागले. नळ, गटार, गल्लीतले भांडण अशा बारीकसारीक गोष्टी तिथे बोलल्या जात. कोण कुणाचा, हे माहीत झाले. अफवा आली की विचारायला माणूस सापडू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसे मेली, आणि तिच्या उंबऱ्यावरची भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांतल्या कुणी बहादूर वाचला होता असा माझा दावा नाही. पण जयगढची कल्पना कागदापुरती नव्हती, हे भिवंडीने दाखवून दिले. त्या समित्यांतही बापजाद्यांचा हिशेब मागे ठेवल्याशिवाय कुणाला बसता आले नसते.

मग बहादूर विसरला का गेला? सुरतींनंतर जगजित उप्पल यांनी त्याच्या कथा लिहिल्या. चित्रांचे काम प्रमोद ब्राह्मणिया यांनीही केले. ऐंशीच्या दशकात इंद्रजाल साप्ताहिक झाले. पण त्याच काळात दूरदर्शन घरोघरी पोहोचले. १९८७ पासून 'रामायण' आणि मग 'महाभारत' लागले की रविवारी सकाळी टपऱ्या ओस पडत. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला. त्याचे सुरुवातीचे अंक आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी रेखाटले. सर्पविष आणि अद्भुत शक्ती यांपुढे कुर्त्यातला माणूस फिका पडला असणार. आठशेहून अधिक अंक काढून १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले. वेताळाला जगात इतर ठिकाणीही घर होते. त्याच्या कथा निघत राहिल्या. बहादूरचे घर एकच होते आणि ते मोडले.

वर्षाचा आकडा पाहून मला चुटपूट लागते. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'बाबराच्या औलादी' ही शिवी भिंतींवर आली, घोषणांत आली आणि आमच्या मुलांच्या कानांवर पडली. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका बादशहाचा जाब आठवी-नववीतल्या पोरांना विचारला जाऊ लागला. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलगा जबाबदार नाही, असे देशातल्या पोरांना इतक्या सोप्या भाषेत सांगणारा नायक नेमका त्याच वेळी दोरीवरून उतरला होता. तो असता तर दंगली थांबल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. पण त्या पोरांना एक गोष्ट कमी मिळाली, हे खरे.

सुरती मात्र थांबले नाहीत. गळक्या नळातून सेकंदाला एक थेंब गेला तर महिन्याला हजार लिटर पाणी वाया जाते, असे त्यांच्या वाचनात आले. साहित्यासाठी मिळालेल्या पुरस्काराचे एक लाख रुपये हाताशी होते. २००७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी मीरा रोडला काम सुरू केले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका बरोबर घेऊन ते इमारतीतले एकेक दार वाजवत आणि गळका नळ फुकट दुरुस्त करून देत. पहिल्या वर्षी १,६६६ घरे झाली, ४१४ नळ बंद झाले. दार कुणाचे, हे पाहायचा प्रश्नच नव्हता.

माझ्याजवळ बहादूरचे तीन अंक उरले आहेत. एकाचे मुखपृष्ठ गेलेले, दुसऱ्याला चिकटपट्टी. बहादूरच्या कथा मराठीत पुन्हा निघाव्यात, निदान एखाद्या ग्रंथालयाने जुने अंक जमवून जपून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते. मागच्या सुट्टीत नातवाच्या हाती त्यातला एक अंक दिला. त्याने पाने चाळली आणि विचारले, "नानाजी, ह्याच्याकडे पॉवर कसली आहे?"

मी म्हणालो, "गावातली माणसं."

"एवढीच?" असे म्हणून त्याने अंक पालथा करून पाहिला. मग खिडकीपाशी जाऊन बसला आणि पहिल्या पानापासून वाचू लागला. पान दुमडू नकोस, एवढे मात्र मी सांगितले.